टूरिंगसाठी फ्लॅट बार सायकल घेताना: मागच्या चाकापासून पुढे बघत या

सरळ हँडल (फ्लॅट बार), जरा बारीक टायर आणि कॅरिअरसाठी दोन भोकं, एवढ्यावर कुठलीही सायकल 'टूरिंगला (सामानासकट लांबच्या प्रवासाला) चालेल' म्हणून विकली जाते. खरं तर या एकाच चेहऱ्याच्या तीन वेगळ्या सायकली असतात. पहिली फिटनेस हायब्रिड: हलकी फ्रेम, जड गिअर, ३२ मि.मी.च्या आसपासचे टायर. रिकामी सायकल दोन तास जोरात मारायला उत्तम. दुसरी माउंटन बाइक: गिअर हलके, चाकं दणकट, पण पुढे सस्पेन्शन आणि हँडल गरजेपेक्षा खूप रुंद. तिसरी सामान वाहायलाच बनवलेली ट्रेकिंग किंवा टूरिंग सायकल. हँडलकडे बघून या तिघींतला फरक कळत नाही. मागच्या अर्ध्या भागावरून लगेच कळतो.

म्हणून सायकल बघायला पुढून सुरुवात करू नका. हँडल, ग्रिप, सीट, पॅडल, टायर, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) हे सगळं नंतर बदलता येतं आणि बहुतेक जण बदलतातच. फ्रेम बदलता येत नाही. मागचं चाक आणि गिअरचा संच बदलता येतो, पण तो खर्च धरला की स्वस्तात मिळालेली सायकल स्वस्त राहत नाही.

मागचं चाक

सामान बहुतेक मागे, चालवणाऱ्याचं निम्म्याहून अधिक वजन मागे, आणि पॅडलचा जोरही मागेच. लांबच्या प्रवासात घोटाळा होतो तो बहुधा याच चाकात.

आधी स्पोक मोजा. मागे ३६ असतील तर उत्तम. ३२ स्पोकचं नीट बांधलेलं चाक बेताच्या सामानाला पुरतं. २८ किंवा २४ स्पोकचं चाक सामानासाठी घेऊ नका, रिम कितीही जाड दिसली तरी. मग एकमेकांजवळून समांतर जाणाऱ्या दोन-दोन स्पोकना चिमटीत दाबत चाकाभोवती फिरा. एका बाजूचे सगळे स्पोक साधारण सारखेच ताठ लागले पाहिजेत. मागच्या चाकात डाव्या बाजूचे स्पोक उजव्यांपेक्षा ढिले लागतात. गिअरना जागा द्यायला रिम उजवीकडे ओढलेली असते, त्यामुळे तो दोष नाही. मात्र एकाच बाजूला एक ताठ आणि शेजारचा लुळा असेल तर चाक घाईत बांधलंय. स्पोक तुटतो तो शक्यतो हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) वाकणात, आणि ताणामुळे नाही तर ढिलेपणामुळे: चाकाच्या प्रत्येक फेरीला तो सैल होतो, पुन्हा ताणला जातो आणि हजारो फेऱ्यांनंतर वाकणातून जातो. चांगला मेकॅनिक अशा नव्या चाकाचे स्पोक सारखे ताणून आउट काढून देईल. ते काम सायकल ताब्यात घेण्याआधी करून घ्या.

यानंतरची तपासणी कोणी सांगत नाही, पण सगळ्यांत मोलाची तीच. मागचे गिअर कॅसेटचे आहेत (उलटं मोकळं फिरायची यंत्रणा हबमध्ये) की फ्रीव्हीलचे (ती यंत्रणा गिअरच्या गठ्ठ्यातच), ते बघा. सर्वांत लहान स्प्रॉकेटच्या (मागच्या दातेरी चकतीच्या) मधोमध अवजार बसायच्या खाचा दिसतात. चाक स्थिर धरून स्प्रॉकेट उलटे फिरवा. खाचा सोबत फिरल्या तर कॅसेट. खाचा जागेवर थांबल्या आणि बाहेरचे दातेच फिरले तर फ्रीव्हील. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग पार आत, गिअरच्या मागे असतं. तिथून फ्रेमपर्यंत एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय राहतो. सामान लादून खड्ड्यात आपटलं की तो तिथेच वाकतो, पुढे तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये तेच बेअरिंग फ्रेमच्या अगदी जवळ येतं. सात गिअरच्या स्वस्त हायब्रिडमध्ये फ्रीव्हील सर्रास असतं. रोजच्या कामाला हरकत नाही, पण २० किलो सामानासाठी अशी सायकल घेत असाल तर नवं मागचं चाक हिशोबात धरूनच घ्या.

चाकाच्या मापावरून भरपूर वाद होतात, त्यात फार अर्थ नाही. टायरवरचा शेवटचा आकडा वाचा: ६२२ म्हणजे ७००सी (यालाच २८ किंवा २९ इंची म्हणतात), ५८४ म्हणजे साडेसत्तावीस, ५५९ म्हणजे जुनं २६ इंची. तुम्ही जिथे जाणार तिथे ज्या मापाचे टायर-ट्यूब सहज मिळतात ते माप घ्या. बुटक्या चालकांनी ५८४ किंवा ५५९ चा विचार जरूर करावा. कारण पुढे मापाच्या भागात येईल.

फ्रेमचा मागचा त्रिकोण

बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस जिथे फिरतो त्या भागाच्या) मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत टेप लावा. ही चेनस्टेची (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीची) लांबी. ४४५ ते ४६० मि.मी. असेल तर निश्चिंत राहा. ४३० किंवा त्याखाली असेल तर पॅडल मारताना टाच पॅनियरला (कॅरिअरच्या बाजूला लटकवायच्या बॅगेला) घासण्याची शक्यता मोठी, आणि पाय मोठा असेल तर घासणारच. मग लोक पॅनियर मागे सरकवतात. त्याने टाच सुटते, पण वजन मागच्या एक्सलच्याही मागे जातं, पुढचं चाक हलकं पडतं आणि उतारावर हँडल थरथरायला लागतं. शक्य असेल तर दुकानात कॅरिअर आणि पॅनियर लावूनच बघा. नाहीतर पॅनियरच्या मापाचा पुठ्ठा कापून न्या आणि तो तिथे धरून उलटं पॅडल फिरवा. लोक हसतील, हसू द्या.

आता बोल्टची भोकं मोजा. मागच्या ड्रॉपआउटजवळ (फ्रेममध्ये एक्सल बसतो त्या खाचेजवळ) प्रत्येक बाजूला दोन हवीत, एक कॅरिअरला आणि एक मडगार्डला. एकच असेल तर दोन्ही एकाच बोल्टवर चढवावी लागतात. चालतं, पण बोल्ट वारंवार ढिला होतो. सीटस्टेवर (सीटखालून मागच्या एक्सलकडे येणाऱ्या नळीवर) वरच्या बाजूला कॅरिअरच्या पट्ट्यांसाठी जोडी हवी. पुढच्या फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर) मध्यभागी भोकं असतील तर पुढेही सामान लावता येतं. बाटल्यांसाठी निदान दोन जागा, तिसरी डाऊनट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या तिरक्या नळीच्या) खाली असेल तर छान. हे बोल्ट सहसा ५ मि.मी.चे असतात, आटे स्वच्छ आहेत का ते एक बोल्ट हाताने फिरवून बघा. रंगाने भरलेल्या आट्यात बोल्ट जबरदस्तीने घुसवला की अॅल्युमिनियमचे आटे सरळ निघून येतात.

डिस्क ब्रेक असेल तर मागचा कॅलिपर (चकतीवर पॅड दाबणारा भाग) कुठे आहे तेही बघा. चेनस्टे आणि सीटस्टेच्या बेचक्यात असेल तर कॅरिअर सरळ बसतं. सीटस्टेच्या बाहेर असेल तर कॅरिअरचा पाय त्याला अडतो. मग लांब बोल्ट आणि मध्ये स्पेसर घालून पाय बाहेर काढावा लागतो, आणि तो बोल्ट वजनाने वाकत-वाकत एक दिवस तुटतो. अशा वेळी डिस्कसाठी वेगळी बनवलेली कॅरिअर घ्या.

स्टील की अॅल्युमिनियम? क्रोमोली स्टील लवचीक असतं आणि वेल्डिंगने दुरुस्त होतं. अॅल्युमिनियम हलकं, गंजाची भानगड नाही, आणि चांगली अॅल्युमिनियम ट्रेकिंग सायकल वर्षानुवर्षं सामान वाहते. वर सांगितलेली मापं आणि भोकं ठीक असतील तर धातूवरून सायकल नाकारू नका. उलट क्रोमोलीचं स्टिकर आहे म्हणून आखूड चेनस्टे पदरात घेऊ नका.

गिअर: सर्वांत हलका गिअर किती हलका?

फ्लॅट बारचा मोठा फायदा इथे आहे. सरळ हँडलवर माउंटन आणि ट्रेकिंगचे शिफ्टर थेट बसतात, त्यामुळे मोठ्या आवाक्याची कॅसेट आणि लहान चेनरिंगचा (पॅडलजवळच्या दातेरी चकतीचा) सगळा संसार जुळवाजुळव न करता वापरता येतो. ड्रॉप बारवाल्यांना (रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं हँडल असलेल्यांना) याच गोष्टीसाठी बरीच खटपट करावी लागते.

'२४ गिअर', '२७ गिअर' हा आकडा विसरा. पुढचं सर्वांत लहान चेनरिंग आणि मागचं सर्वांत मोठं स्प्रॉकेट यांचे दात मोजा. पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि चाकाच्या घेराने गुणा. ७००सी चाकावर ४० मि.मी. टायर असेल तर घेर सुमारे २.२ मीटर. आलेला आकडा म्हणजे पॅडलच्या एका फेरीत सायकल किती मीटर पुढे जाते. सामानासकट चढायचं असेल तर तो १.७ किंवा त्याहून कमी हवा.

पुढे २६ आणि मागे ३४ असेल तर १.६८ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी ६ किलोमीटर. पुढे २२ आणि मागे ३४ असेल तर १.४२ मीटर, म्हणजे ताशी ५ च्या वर थोडंसं. याहून हळू जाताना तोल सांभाळणंच अवघड. आता फिटनेस हायब्रिडचा नेहमीचा संच घ्या: पुढे ३४, मागे ३२. २.३४ मीटर, ताशी ८.४ किलोमीटर. फरक किरकोळ वाटतो, पण चालवणारा ७५ किलो, सायकल १५, सामान २५ असं ११५ किलोचं वजन ८ टक्के चढावर न्यायचं तर पहिल्या गिअरला सुमारे १६५ वॉट लागतात आणि या शेवटच्याला सुमारे २३०. तास-तास २३० वॉट देणारे पाय असतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही. बाकीचे त्या घाटात फेऱ्यांची गती कमी करतात, गुडघ्यावर जोर देतात आणि संध्याकाळी गुडघा धरून बसतात.

ट्रेकिंगचा ४८-३६-२६ आणि माउंटनचा ४४-३२-२२ हे पुढचे दोन्ही संच टूरिंगला चांगले. ४४-११ या गिअरवर ८० फेऱ्यांना ताशी ४२ किलोमीटर मिळतात. लादलेल्या सायकलवर त्यापुढे पॅडल मारायचं कारण नाही. पुढे एकच चेनरिंग असलेले नवे संचही चालतात. ३२ दाती चेनरिंगला ११-४६ कॅसेट घेतली तर खालचा गिअर १.५३ मीटर येतो, पण वरचा ६.४ मीटरवरच संपतो, म्हणजे ८० फेऱ्यांना ताशी ३० च्या आसपास. शिवाय दोन गिअरमधल्या उड्या मोठ्या. सपाटीवर दिवसभर एकाच लयीत चालवणाऱ्याला त्या खटकतात.

बजेट मोकळं असेल तर रोहलॉफचा १४ गिअरचा हब हाही पर्याय आहे. त्याचा आवाका ५२६ टक्के (सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या ५.२६ पट), सगळे गिअर हबच्या आत. मुठीने फिरवायचा त्याचा शिफ्टर सरळ हँडलवर आरामात बसतो, ड्रॉप बारवर मात्र अडचणीचा होतो.

पुढचा फोर्क

सस्पेन्शन नको. स्वस्त स्प्रिंगचा फोर्क दोन-अडीच किलोचा असतो, त्यावर सामान लावायला भोकं नसतात, आणि काही हजार किलोमीटरनंतर त्याच्या नळ्या खुळखुळायला लागतात. लॉकआउट (सस्पेन्शन बंद करायची कळ) असलं तरी वजन तेवढंच. रस्त्याचे हादरे ४०-४५ मि.मी.चा टायर योग्य हवेवर जास्त चांगले पचवतो. कार्बन फोर्कवर कंपनीनेच भोकं दिली नसतील तर क्लॅम्प आवळून काहीही लावू नका.

फोर्कच्या आणि चेनस्टेच्या मध्ये टायरला किती जागा आहे ते बघा. टायरच्या दोन्ही बाजूंना ६ मि.मी. तरी मोकळी हवी. मडगार्ड लावायचं असेल तर त्याहून जास्त. जागा कमी असेल तर ओला चिखल मडगार्डमध्ये अडकून चाकच थांबतं. डांबरी रस्त्याला ३५ ते ४२ मि.मी., खडीच्या किंवा उखडलेल्या रस्त्याला ४५ ते ५०.

ब्रेक

सरळ हँडलवर हायड्रॉलिक डिस्क ब्रेक जमतात आणि ते ड्रॉप बारच्या हायड्रॉलिकपेक्षा बरेच स्वस्त पडतात. दोन बोटांत भरलेली सायकल थांबते. समोर १६० मि.मी.ची चकती पुरते. वजन खूप असेल आणि फोर्कला परवानगी असेल तर १८०. एक सांभाळा: प्रवासात चाक काढून ठेवलं असताना लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात. मध्ये घडी केलेला पुठ्ठा घालून ठेवा.

केबलचे डिस्क ब्रेक घेणार असाल तर लिव्हर आणि कॅलिपर एकमेकांचे आहेत का ते विचारा. सरळ हँडलचे बहुतेक लिव्हर व्ही-ब्रेकचे (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकचे) असतात आणि केबल जास्त ओढतात. त्यांना माउंटनचा कॅलिपर लागतो. रोडचा कॅलिपर जोडला तर लिव्हर दगडासारखा घट्ट लागतो, पण सायकल थांबत नाही. उलट जोडी केली तर लिव्हर हँडलला जाऊन टेकतो. सेकंडहँड सायकलमध्ये अशा जोड्या हमखास सापडतात.

व्ही-ब्रेक आजही वाईट नाहीत. पॅड कुठेही मिळतात आणि पाच मिनिटांत बदलता येतात. फक्त पावसात चिखलाची वाळू रिम खाते. रिमच्या बाजूला झीज दाखवणारी खाच किंवा ठिपका असतो; तो गायब झाला की रिम बदलायची. वापरलेली सायकल बघताना रिमच्या कडेवरून बोट फिरवा. आत खोलगट लागली तर नवी रिम धरूनच भाव करा.

माप

सायकलवर बसायच्या आधी पायाच्या आतल्या बाजूचं माप घ्या: भिंतीला पाठ लावून, जाड पुस्तक दोन पायांत वर दाबून, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत. त्याला ०.८८ ने गुणा. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण तेवढी ठेवा, आणि मग फ्रेम तपासा. ८० सें.मी. पाय असेल तर ७० सें.मी.

सीट उंचीला लावल्यावर हँडलची पकड सीटइतकी किंवा दोन-तीन सें.मी. वर असावी. फोर्कची नळी आधीच कापून खाली बसवलेली असेल तर वर घ्यायला जागा राहत नाही, म्हणून नव्या सायकलची नळी कापू नका म्हणून सांगा. स्टेमखाली दोन-तीन सें.मी.चे स्पेसर असू द्या. कोपर किंचित वाकलेलं, खांदे सैल, मान न ताणता समोरचा रस्ता दिसतोय, तर लांबी बरोबर. एक-दीड सें.मी.चा फरक स्टेम बदलून भागतो; चार सें.मी.चा फरक असेल तर ती फ्रेम तुमची नाही.

'सध्या फ्लॅट बार घेऊ, पुढे ड्रॉप बार लावू' हा बेत सहसा फसतो. ड्रॉप बारच्या ब्रेकवर हात ठेवला की तो हँडलच्या मध्यापासून बराच पुढे जातो, म्हणून फ्लॅट बारच्या फ्रेम मुळातच लांब बनवतात. त्यावर ड्रॉप बार लावला की माणूस सायकलवर आडवा होतो. ब्रेक लिव्हर आणि शिफ्टरही नवे घ्यावे लागतात.

लहान मापाच्या फ्रेममध्ये ७००सी चाक असेल तर पाय आडवा ठेवून हँडल वळवा. बुटाचं टोक टायरला लागतंय का? मडगार्ड लावल्यावर आणखी लागेल. संथ चढावर वळण घेताना यानेच माणूस पडतो. म्हणूनच वर ५८४ आणि ५५९ चा मुद्दा काढला.

हँडल, आणि हाताची बधिरता

सरळ हँडलची खरी कमजोरी ही: हात ठेवायला एकच जागा. तिसऱ्या-चौथ्या तासाला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागतं, कारण तळहाताच्या बाहेरच्या बाजूची नस ग्रिपवर दाबली जाते. समोरून वारा असेल तर खाली वाकायलाही जागा नाही. या दोन्हींवर उपाय आहेत, पण ते सायकलसोबतच विकत घ्या. पहिल्या लांब प्रवासात हात दुखल्यावर नाही.

रुंदी ६०० ते ६४० मि.मी. पुरे. माउंटनचं ७२०-७४० चं हँडल दोन्ही टोकांनी सारखं कापता येतं, पण आधी ग्रिप आणि लिव्हर आत सरकवून आठवडाभर चालवून बघा. टोकं मागे वळलेलं हँडल मनगटाला सरळ ठेवतं. तळहाताला पंखासारखा आधार देणारी रुंद ग्रिप लावा, आणि टोकाला बारएंड: चढावर उभं राहून ओढायला आणि हात बदलायला. बारएंडला दोन्ही बाजूंना दोन-दोन सें.मी. जागा लागते, म्हणून हँडल कापायच्या आधी ती मोजा.

आणखी जागा हव्या असतील तर फुलपाखरी ट्रेकिंग हँडल. त्याच्या नळीचा व्यास सरळ हँडलसारखाच २२.२ मि.मी., म्हणून तुमचे लिव्हर आणि शिफ्टर तसेच त्यावर चढतात. दोन अडचणी येतात. स्टेमशी पकडायचा भाग बऱ्याचदा २५.४ मि.मी. असतो आणि नव्या स्टेम ३१.८ च्या, मध्ये शिम (जाडी भरून काढणारी पातळ पट्टी) घालावा लागतो. आणि केबल किंवा हायड्रॉलिकच्या नळ्या आखूड पडू शकतात. हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवून त्या ताणल्या जात नाहीत ना, हे बसवतानाच बघून घ्या.

भरलेली सायकल चालवून बघा

रिकाम्या सायकलची चक्कर काहीच सांगत नाही. मागे दोन्ही बाजूंना मिळून १५ किलो लावा. पाण्याच्या बाटल्या भरल्या तरी चालेल. ताशी २५-३० वर एक हात सैल सोडून बघा, मग उभं राहून दोन-चार पॅडल मारा. फ्रेम पिळवटल्यासारखी वाटली किंवा हँडल थरथरलं तर आधी कॅरिअरचे बोल्ट आणि हेडसेट (फोर्क फ्रेममध्ये फिरतो तिथली बेअरिंग) तपासा, सामान खाली आणि पुढे घ्या. तरीही थरथर राहिली तर ती फ्रेम तेवढ्या वजनाची नाही, त्यात फिटिंगची चूक काही नाही.

बिल करताना दोन गोष्टी मागून घ्या. डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) जिथे लटकतो तो हँगर त्या-त्या मॉडेलचा वेगळा असतो, सायकल आडवी पडली की तोच आधी वाकतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्याच आकाराचा शोधत फिरावं लागतं. एक जादा घ्या. स्पोकची लांबी पुढच्या, मागच्या डाव्या आणि मागच्या उजव्या बाजूला वेगळी असू शकते. प्रत्येकी दोन-तीन घ्या आणि टेप लावून सीटपोस्टमध्ये ठेवा. स्टँड लावायचं असेल तर चेनस्टेवर क्लॅम्प आवळणारं नको, विशेषतः अॅल्युमिनियमवर: नळी चेपते. त्यासाठी फ्रेमवर वेगळी पट्टी असेल तरच मधलं स्टँड.

पहिल्या २००-३०० किलोमीटरनंतर स्पोक जागेवर बसतात, केबल ताणतात, कॅरिअरचे बोल्ट ढिले होतात. तेव्हा चाकांचा आउट पुन्हा काढून घ्या, सगळे बोल्ट अॅलन कीने फिरवून बघा, आणि कॅरिअरच्या बोल्टना आटे धरणारं लॉक्टाइट लावा. सामान लादून निघायचं ते यानंतर.